जागेवर सात किलो, चढावर दोन: वाफगाडीचं प्रेशर का बसतं

घरी बनवलेल्या लहान वाफगाड्यांत लक्षण सगळीकडे सारखंच असतं. गाडी अंगणात उभी असते, विस्तव छान पेटलेला असतो, गेजवर सात किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत असतो. इंजिनात वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला की गाडी झोकात निघते. पहिला फर्लांगभर सगळं छान चालतं. मग चढ लागतो आणि काटा घसरतो: सहा, पाच, साडेतीन. दोनवर आला की गाडी उभी. पाच-दहा मिनिटं थांबलं की प्रेशर पुन्हा सातवर येतं आणि पुढच्या चढावर तोच खेळ सुरू होतो.

यावर लोक काय करतात? बहुतेक जण इंजिन उघडतात. पिस्टन रिंग बदलतात, व्हॉल्व्ह पुन्हा घासून बसवतात, टायमिंग तपासतात. फरक पडतो, पण थोडाच. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: रस्त्यावरच्या वाफेच्या वाहनात दहापैकी आठ वेळा दोष इंजिनात नसतो. बॉयलर दर मिनिटाला किती वाफ बनवतो आणि रस्ता दर मिनिटाला किती मागतो, हा हिशेब चुकलेला असतो.

हा आजार वाफगाडीच्या जन्मापासूनचा आहे. निकोलस क्यूनोने फ्रेंच सैन्यासाठी 1769 साली तोफा ओढणारी तीनचाकी गाडी बनवली. तिला दर बारा-पंधरा मिनिटांनी थांबून वाफ पुन्हा धरावी लागे. रिचर्ड ट्रेव्हिथिकची गाडी 1801 च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडमधल्या कॅम्बोर्नच्या चढावर माणसं घेऊन गेली, पण तिलाही वाफ फार वेळ टिकवता येत नव्हती. म्हणजे तुमच्या गाडीला जे होतंय ते अडीचशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. त्यावरचे उपायही बहुतेक सापडलेले आहेत.

आधी काटा काय सांगतो ते समजून घ्या

गेजवरचे सात किलो म्हणजे साठा, आवक नव्हे. गच्चीवरची टाकी भरलेली दिसते म्हणून बोअरला धार किती आहे ते कळत नाही, तसंच हे. आता हा साठा केवढा असतो ते पाहा. समजा बॉयलरमध्ये 18 लिटर पाणी आहे. सात किलोला ते साधारण 170 अंशांवर असतं, चार किलोला 152 अंशांवर. प्रेशर सातवरून चारवर येताना पाण्यातली ही जास्तीची उष्णता वाफ बनून बाहेर पडते. हिशेब केला तर जेमतेम 700 ग्रॅम वाफ मिळते.

आता मागणीकडे वळू. 60 मिमी बोअर आणि 80 मिमी स्ट्रोकचे दोन डबल अ‍ॅक्टिंग (पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ मिळणारे) सिलिंडर, 700 मिमीची चाकं, चेनने 3:1 गिअरिंग. ताशी 15 किमी वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 340 फेरे घेतं. कटऑफ 75 टक्क्यांवर असेल, म्हणजे स्ट्रोकच्या पाऊण भागापर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहत असेल, तर सहा किलोच्या आसपासच्या वाफेने सिलिंडर भरायलाच तासाला 50 किलो वाफ लागते. थंड सिलिंडरच्या भिंतीवर जी वाफ पाणी होऊन वाया जाते ती धरली तर आकडा 65-70 किलोंवर जातो. म्हणजे मिनिटाला किलोभराहून जास्त. साठ्यातली 700 ग्रॅम वाफ मिनिटभरही पुरत नाही. सुरुवातीला गाडी जी झोकात निघते ती या साठ्यावरच. त्यानंतरचं सगळं चालणं विस्तवाच्या भरवशावर.

सपाट डांबरी रस्त्यावर हे चटकन लक्षात येत नाही, कारण तिथे मागणीच कमी असते. 600 किलोच्या गाडीला ताशी 15 च्या वेगाने सपाटीवर चाकाशी जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर लागतो. वीसात एक असा चढ आला की तोच आकडा दोनच्या पुढे जातो. चौपट! पुण्याकडच्या किंवा कोकणातल्या घाटांत वीसात एक हा काही फार चढही नाही. रेल्वेच्या इंजिनाची नक्कल करणाऱ्यांची फसगत इथेच होते. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला लोळण्याचा विरोध डांबराच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकाच असतो, आणि रूळ टाकणाऱ्यांनी चढही आधीच कापून काढलेला असतो. त्या प्रमाणात बनवलेला बॉयलर रस्त्यावर लहानच पडणार.

बादलीची चाचणी

इंजिन उघडण्याआधी ही चाचणी करा. वाफेची मुख्य लाइन इंजिनापासून सोडवून एका व्हॉल्व्हमार्गे सरळ एक्झॉस्टच्या नोझलला जोडा, म्हणजे सोडलेली वाफ चिमणीतूनच वर जाईल आणि चालत्या गाडीसारखाच ओढा मिळेल. विस्तव पूर्ण पेटवा. व्हॉल्व्ह इतकाच उघडा की प्रेशर सहा किलोवर स्थिर राहील. बॉयलरमध्ये भरायचं (फीडचं) पाणी मोजलेल्या दहा लिटरच्या बादलीतून हातपंपाने द्या आणि बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीतली पातळी खुणेवर ठेवा. बादली रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. काचनळीत पाणी दिसेनासं होत असेल तर चाचणी तिथेच थांबवून विस्तव काढा. जोडणीच्या पाइपासमोर कुणालाही उभं राहू देऊ नका.

बादली दहा मिनिटांत संपली तर बॉयलर तासाला 60 किलो वाफ देतो. पंधरा मिनिटं लागली तर 40 किलो. वीस मिनिटं लागली तर तुमच्या गाडीचं दुखणं सापडलं, इंजिनाला हात लावायची गरज नाही.

आकडा तुमच्या इंजिनाच्या मागणीइतका किंवा जास्त आला आणि तरीही रस्त्यावर प्रेशर बसत असेल, तर मात्र वाफ कुठेतरी वाया जातेय. तो भाग पुढे येईल. आधी कमी आकड्याचं बघू.

बॉयलर वाफ कमी देतो: ओढा

पहिला संशय चिमणीवर. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ नोझलमधून चिमणीत झेपावते आणि सोबत धूर ओढून नेते, म्हणून जाळीखालून हवा येते. या रचनेची गंमत अशी की गाडी जितकी जास्त वाफ खाईल तितका विस्तव आपोआप भडकतो. पण नोझल चिमणीच्या मधोमध आणि सरळ हवं. मी ओळंबा सोडून बघतो. दोन-तीन मिमीची चूक डोळ्याला दिसत नाही, पण झोत चिमणीच्या एका बाजूला आपटतो आणि अर्धा ओढा गेला. नोझलच्या भोकाबद्दल मॉडेल इंजिन करणाऱ्यांचा जुना ठोकताळा सिलिंडरच्या व्यासाचा सातवा भाग असा आहे. 60 मिमीच्या सिलिंडरला साडेआठ मिमी. तिथून सुरुवात करा. ओढा कमी वाटला की लोक भोक लहान करत सुटतात, आणि मग पिस्टनच्या मागे बॅकप्रेशर साचून इंजिनच जड होतं.

दुसरी तपासणी पाच मिनिटांची आहे. ब्लोअर (गाडी उभी असताना चिमणीत वाफ सोडून ओढा देणारी नळी) चालू ठेवून स्मोकबॉक्सच्या, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीच्या, दाराभोवती आणि पाइप जिथून आत जातात तिथे पेटती उदबत्ती फिरवा. धूर कुठे आत ओढला गेला तर तिथून गळती आहे. ती हवा विस्तवातून न जाता सरळ चिमणीत जाते. फायर सिमेंट आणि दोरीचं पॅकिंग लावून बुजवा. याने एवढा फरक पडतो की आधी करायला सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

नळ्यांतली काजळी दर वेळी ब्रशने काढा. याबद्दल जास्त लिहायची गरज नाही.

इंधन

आपल्याकडच्या लोकांची इथे जरा वेगळी अडचण आहे. इंग्रजी पुस्तकांतले आकडे वेल्सच्या दगडी कोळशाचे असतात. आपल्या दगडी कोळशात राख 30 ते 45 टक्के. तासाला 60 किलो वाफ हवी आणि बॉयलरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर असा कोळसा तासाला पंधरा किलो लागेल. 300 मिमी व्यासाच्या जाळीवर तेवढा जळणं अवघड, आणि त्यातली पाच-सहा किलो राख क्लिंकर होऊन, म्हणजे वितळून तिचे दगडासारखे गोळे होऊन, जाळी बुजवते. पहिल्या फेरीत गाडी बरी चालते आणि तासाभराने मरते, असं होत असेल तर कारण हेच समजा. जुन्या वाफेच्या रोडरोलरला हे चालून जायचं, कारण त्याचा फायरबॉक्स मोठा, चाल माणसाच्या चालीइतकी, आणि राख ओढायला सोबत माणूस असायचा.

लहान गाडीला मी लोणारी कोळसा सुचवतो. तासाला साडेनऊ-दहा किलो पुरतो, राख नगण्य, धूर नाही. महाग पडतो हे खरं. लाकूड तासाला सतरा-अठरा किलो लागतं, म्हणजे चालवणाऱ्याने गाडी चालवायची की सरपण सारायचं? डिझेल किंवा रॉकेलचा बर्नर सहा-सात किलोंत काम भागवतो, पण त्याचं एक वेगळंच दुखणं आहे. तेल तापवून त्याची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरच्या नळीत कार्बन धरतो आणि ज्योत पिवळी पडते. अमेरिकेतल्या स्टॅन्ली या वाफेच्या मोटारगाड्यांचे मालक शंभर वर्षांहून जास्त काळ हीच नळी साफ करत आले आहेत.

थंड पाणी

चढावर फीडपंप चालू असतो का, ते बघा. अ‍ॅक्सलवर चालणारा पंप चाक फिरलं की पाणी ढकलतोच, आणि नेमकी जेव्हा वाफेची गरज जास्त तेव्हाच बॉयलरमध्ये 30 अंशांचं पाणी ओततो. पंपाला बायपास व्हॉल्व्ह लावा. चढाच्या आधी पाणी खुणेच्या थोडं वर घ्या, चढावर बायपास उघडा ठेवून पाणी टाकीत परत फिरवा, माथ्यावर पोहोचलात की पुन्हा भरा. वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांचे (रस्त्यावर जड ओझी ओढणाऱ्या इंजिनांचे) जुने ड्रायव्हर असंच करायचे. काचनळीवर मात्र नजर हवी. आडव्या बॉयलरच्या गाडीला आणखी एक धोका: उतारावर पाणी पुढे सरकतं आणि मागच्या फायरबॉक्सचं माथं उघडं पडतं. उभा बॉयलर यात बराच निर्धास्त. रस्त्यावरच्या वाहनांत उभे बॉयलर एवढे का दिसतात, याचं हे एक कारण.

पंपानंतरची लाइन एक्झॉस्टच्या वाफेत गुंडाळून नेली आणि पाणी 90 अंशांवर दिलं, तर साडेनऊ टक्के उष्णता वाचते. तांब्याच्या चार-पाच मीटर नळीचं काम आहे.

इंजेक्टर (वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी: टाकीतलं पाणी 40 अंशांच्या वर गेलं की इंजेक्टर पाणी उचलायला कुरकुरतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या काळ्या टाकीत तेवढं सहज होतं. इंजेक्टर बिघडला असं समजून त्याच्या आतले शंकूच्या आकाराचे भाग घासत बसण्याआधी टाकीत हात घालून बघा. आणि पाणी भरायच्या दोन स्वतंत्र सोयी नसतील तर गाडी फाटकाबाहेर काढू नका.

वाफ आहे, पण वाया जाते

बादलीच्या चाचणीत बॉयलर पास झाला असेल तर इथे या.

चिमणीतून गरम पाण्याचे थेंब उडतात का? सिलिंडरमध्ये खडखड होते का? मग बॉयलर वाफेसोबत पाणी उचलतोय, म्हणजे प्रायमिंग. याने उष्णता तर जातेच, शिवाय सिलिंडरचं झाकण फुटू शकतं, कारण पाणी दबत नाही. पातळी फार वर ठेवणं हे साधं कारण. दुसरं कारण पाण्याची जात. दख्खनच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, आणि बॉयलरमध्ये वाफ जाते तसे ते साचत जाऊन पाणी फेसाळतं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. नाहीतर रोज चालवल्यावर ब्लोडाउन करा, म्हणजे तळातलं क्षारांचं थोडं पाणी सोडून द्या. तिसरं कारण तेल. सिलिंडरमधलं तेल कंडेन्सरमधून (वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या साधनातून) परत बॉयलरमध्ये गेलं की फेस होतो आणि नळ्यांवर तेलाचा थर बसतो. स्टॅन्ली कंपनीने 1915 साली कंडेन्सर बसवला तेव्हा तिच्या गाड्यांना हा त्रास सुरू झाला. त्याआधी त्या वाफ सरळ हवेत सोडत आणि वाटेत घोड्यांच्या हौदांवर पाणी भरून घेत. जनावरांच्या लाळ-खुरकुत रोगाच्या साथीत तिकडचे हौद बंद झाले, आणि वाहनाचं दुखणं जनावरांच्या आजाराने वाढलं!

आता कटऑफ. मी वर 75 टक्के धरला, कारण घरी बनवलेल्या बहुतेक गाड्या कायम तिथेच चालतात. रिव्हर्सिंग लिव्हर फक्त पुढे-मागे करण्यापुरता वापरतात, आणि काही जण तर स्लाइड व्हॉल्व्हला पुरेसा लॅपच, म्हणजे वाफेचं भोक झाकून उरणारा जादा काठच, देत नाहीत. गाडीने वेग धरला की लिव्हर मधल्या खाचांकडे ओढा. कटऑफ 40 टक्क्यांवर आला की त्याच फेऱ्यांना सिलिंडर भरायची वाफ पन्नासवरून सत्तावीस किलोंवर येते. उरलेलं काम कोंडलेली वाफ प्रसरण पावून करते. ताकद थोडी कमी होते, अर्धी नव्हे.

सिलिंडर आणि वाफेची लाइन उघडी असेल तर तिला लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) करा. ग्लास वुल आणि वरून पत्रा, एवढंच. ओल्या वाफेचा त्रास फार असेल तर स्मोकबॉक्समधून किंवा फायरबॉक्सच्या वरच्या भागातून सुपरहीटरचं, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळीचं, वेटोळं फिरवा. वाफ कोरडी आणि जास्त गरम मिळाली की सिलिंडरच्या भिंतीवर तिचं पाणी कमी होतं. पण मग तेलाचा प्रश्न येतो. मोटरसायकलचं 20डब्ल्यू40 वाफेत धुऊन जातं आणि स्लाइड व्हॉल्व्हच्या फेसवर रेघा पडतात. स्टीम सिलिंडर ऑइलच हवं, 460 ग्रेडचं, आणि तेही वाफेच्या लाइनमध्ये थेंब-थेंब सोडणाऱ्या लुब्रिकेटरमधून.

व्हॉल्व्हची गळती तपासायची तर क्रँक अशा जागी अडवा की व्हॉल्व्हने वाफेची दोन्ही भोकं (पोर्ट) झाकलेली असतील, ब्रेक लावा, रेग्युलेटर किंचित उघडा. ड्रेन कॉकमधून (सिलिंडरमधलं पाणी काढायच्या तोटीतून) किंवा चिमणीतून वाफ येत राहिली तर फेस घासायला हवा. मग खुशाल इंजिन उघडा.

मग मोठा बॉयलर बसवू का?

हा प्रश्न शेवटी येतोच. उत्तर: बसवता येईल, पण 25 लिटरच्या वर क्षमता गेली की बॉयलर कायद्याच्या कक्षेत येतो. बाष्पके संचालनालयाकडून आराखडा मंजूर करून घेणं, प्रमाणित वेल्डरकडून काम करून घेणं, तपासणी, हे सगळं आलं. त्याहून लहान बॉयलर कायद्यात बसत नाही म्हणून तो निर्धोक होत नाही. सात किलोचं वीस लिटर गरम पाणी एकदम सुटलं तर काय होईल याचा अंदाज वरच्या आकड्यांवरून येईल. कामाच्या दीडपट दाबाची पाण्याची चाचणी लहान बॉयलरलाही करा, दरवर्षी करा. आणि प्रेशर टिकत नाही म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळणाऱ्यांना काय म्हणावं! साठा वाढवून आवक वाढत नाही, हे वर सांगून झालंय.

पाण्याचा साठा न वाढवता वाफ वाढवण्याची वाट जुन्या लोकांनी शोधली होती. फ्रान्सच्या लिओं सर्पोलेने लांब नळीतच पाणी क्षणात वाफ करणारा फ्लॅश बॉयलर केला आणि 1902 मध्ये नीसला ताशी 120 किमी गाठले. अमेरिकेत व्हाइट कंपनी आणि पुढे वाफेच्या मोटारी बनवणारा अ‍ॅबनर डोबल त्याच दिशेने गेले. यात साठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे स्फोटाची भीती कमी. पण पाणी, विस्तव आणि मागणी क्षणाक्षणाला जुळवणारी नियंत्रणं लागतात. डोबलची गाडी सुंदर होती, आणि भयंकर महागही. पहिलीच गाडी बनवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

आपल्या उपखंडातलं उदाहरण त्याहून उपयोगी आहे. 1870 च्या दशकात आर. ई. बी. क्रॉम्प्टन या लष्करी अधिकाऱ्याने रावळपिंडीकडच्या ग्रँट ट्रंक रोडवर आर. डब्ल्यू. थॉमसन या इंजिनिअरचे रबरी चाकांचे रोड स्टीमर (रस्त्यावरची वाफेची इंजिनं) चालवले. सुरुवातीच्या इंजिनांचा भांड्यासारखा पॉट बॉयलर पुरेशी वाफ देईना, तेव्हा पुढे फील्ड नळ्यांचा बॉयलर घेतला. यात एका टोकाला बंद असलेली नळी विस्तवात लोंबते आणि तिच्या आत दुसरी बारीक नळी असते. आतल्या नळीतून पाणी खाली जातं, बाहेरच्या फटीतून उकळत वर येतं. तेवढ्याच जागेत तापणारं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं. उभा बॉयलर नव्याने करणार असाल तर ही रचना जरूर बघा.

बॉयलर बदलायचा नसेल तर स्प्रॉकेट बदला. 3:1 ऐवजी 4.5:1 केलं की तेवढ्याच फेऱ्यांना गाडी ताशी 15 ऐवजी 10 किमी चालेल. पण इंजिनावरचा भार दोन-तृतीयांश होतो, म्हणून तोच चढ 75 ऐवजी 45-50 टक्के कटऑफवर निघतो आणि दर मिनिटाची वाफ जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. जमलं तर दोन स्प्रॉकेट ठेवा, सपाटीला एक आणि घाटाला एक. ट्रॅक्शन इंजिनांना दोन गती याचसाठी असायच्या. चेन बदलायला गाडी थांबवावी लागेल, पण तशीही ती त्याच चढावर थांबत होतीच.